इंदूरला ठेवलेले दोन

— नाही नाही, उठू नका रजनीताई, येईलच ती एवढ्यात. केळीच्या नर्सरीची गाडी शनवारा चौकात सोडते, तिथून आपल्या बुधवारा पेठेत चालत यायला कितीसा वेळ. तुम्ही रावेरहून एवढ्या उन्हाच्या आलात आणि तिला न बघता जाणार, बरं दिसतं का ते? आणि न सांगता आले, न सांगता आले, असं काय मनाला लावून घेताय. बरं केलंत. सांगून आलं की घर नटून बसतं, पोरगी नटून बसते, आणि बघायचं ते राहूनच जातं. आमची अश्विनी तुम्हाला तुमच्या मयूरसाठी न्यायची आहे, तर ती रोजची कशी असते ते बघाच की. फोटोत दिसते त्यापेक्षा जरा वाळली आहे, ते आधीच सांगते. खाते बरोबर, पण अंगाला लागत नाही. तुमच्याकडे गेली की लागेल. घर बदललं की लागतं.

लोकांना नवल वाटतं, ताई. सासूच आपल्या सुनेचं लग्न जमवते आहे म्हणून. समोरची सरुबाई तर तोंडावर बोलली — मालतीबाई, पोटचा पोरगा गेला, आता सुनेलाही घालवता का. मी म्हटलं, घालवत नाही, पाठवते. तिला आईबाप नाहीत, एक भाऊ आहे तो सुरतेला, राखीला फोन करतो तेवढाच. मग करायचं कोणी? आमच्या ह्यांनी ठरवलं — खाली दुकानात भेटले ना तुम्हाला, तेच, दत्तात्रय — हे म्हणाले, मालती, एकतीसची पोर आहे, आपण दोघं तिला किती दिवस पुरणार? मी हो म्हटलं. लगेच म्हटलं बरं का. म्हणजे लगेच असं नाही — एक रात्र गेली मधे, पण सकाळी म्हटलं.

पंखा जोरात करू का? बरं. विपुल आमचा एकुलता. तो केळीच्या नर्सरीतच होता, खेतीचं कॉलेज शिकलेला, ते बाटलीत केळीची रोपं करतात ना, टिश्यूवाली, त्या लॅबचं सगळं तोच बघायचा. शाहपूरच्या रस्त्यावर ट्रकनं उडवलं त्याला. पोळ्याला दोन वर्षं होतील. नर्सरीचे मालक दहाव्याला आले आणि म्हणाले, भाभींना घरात बसवू नका, कामावर पाठवा, आम्ही शिकवू. आणि शिकली ती. एकदा मला घेऊन गेली दाखवायला — पांढरा कोट, तोंडाला पट्टी, समोर दिवा पेटलेला, त्यात पातं तापवते आणि केळीच्या कंदाचा गाभा असा नखाएवढा कापून बाटलीतल्या खळीवर ठेवते. महिन्यानं बघितलं तर त्याला हिरवं टोक. मग ते टोक पुन्हा कापायचं, पुन्हा ठेवायचं. एका केळीच्या हजार केळी. मी म्हटलं, अगं, बी कुठं आहे ह्यात? ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली होती. म्हणाली, आई, आपल्या केळीत बी धरतच नाही, ते आत काळे ठिपके दिसतात ना, ते धरू न शकलेल्या बियाच. तेव्हापासून केळं सोललं की माझं लक्ष तिथंच जातं. विपुलची आई असून मला हे ठाऊक नव्हतं बघा. त्यानं सांगितलंही असेल, मी ऐकलं नसेल.

— हो. विचारा ना. विचारणारच तुम्ही, विचारलं नसतं तर मला वाटलं असतं ह्या बाईला पुढं जायचंच नाही. सहा वर्षांच्या लग्नात मूल का नाही. दोष तिचा नव्हता, ताई. शपथ घेऊन सांगते, तिचा नव्हता. आमच्या विपुलमधेच कमी होतं. डॉक्टरनं दोघांना समोर बसवून सांगितलं, आणि हिनं घरी येऊन मला काय सांगितलं, ठाऊक आहे? म्हणाली, माझंच काहीतरी आहे आई, औषध चालू केलंय. नवऱ्यावर येऊ नये म्हणून. मला खरं विपुलनं सांगितलं, नंतर, रडत. आणि सांगितल्यावर मी तरी काय केलं? गल्लीतल्या बायका डोहाळजेवणाला हिला वगळायच्या, मी गप्प. कोणी टोमणा मारला, मी गप्प. माझ्या पोराचं झाकलेलं राहतंय ना, राहू दे. ती ऐकून घ्यायची आणि घरी येऊन कणीक मळायची. — हे मी आज पहिल्यांदा कोणाला सांगते आहे. ह्यांनासुद्धा ठाऊक नाही. तुम्ही काळजी करू नका, एवढंच सांगायचं होतं, तुमच्याकडे गेली की तिला होईल. तिचं सगळं बरोबर आहे.

उपाय? केला ना. इंदूरला नेलं. ते बाहेर करतात ना, काचेत, तसं. मी आधी भ्यालेच. म्हटलं, पोटाबाहेर कुठं माणूस होतं का? विपुल स्वयंपाकघरात आला, मी मोड आणायला हरभरे भिजवलेले, त्यातला एक त्यानं उचलला, साल काढली आणि दोन दाळी अशा अलगद उघडल्या. म्हणाला, आई, हे चोचीसारखं टोक दिसतं? हेच रोप आहे. मूळ ह्यातच, पान ह्यातच. दाळी म्हणजे त्याची शिदोरी, माती मिळेपर्यंत पुरावी म्हणून आईनं बांधून दिलेली. आम्ही फक्त एवढंच टोक बाहेर धरवणार, माती अश्विनीचीच. मी तो हरभरा नंतर टाकू शकले नाही. तसाच ताटलीत ठेवला, वाळून गेला. इतकी वर्षं मुठीमुठीनं उसळ केली, कधी आत बघितलं होतं का?

मग इंदूरला मीही गेले होते एकदा. तिची बीजं काढली त्या वेळी, आठवडाभर तिथंच राहिलो. पडद्यावर दाखवतात, ताई. आधी एक गोल, त्यात दोन ठिपके — विपुल म्हणाला, एक तिचा, एक माझा, अजून मिसळले नाहीत. मग मिसळले. मग एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, तुतीच्या फळासारखं दिसायला लागलं. पाचव्या दिवशी आतून पोकळ, पाण्यानं भरलेलं, आणि एका कडेला पुंजका. डॉक्टरीणबाईंनी बोट ठेवून दाखवलं, ये बच्चा बनेगा, आणि बाहेरची कड आहे ना, ती वार होणार. अजून हात नाही, पाय नाही, मुलगा नाही मुलगी नाही दिसत, पण कोण काय होणार ते वाटून घेतलेलं. हात जोडले मी पडद्याला. विपुल हसला मला. असे चार धरले होते. दोन तिच्या पोटात सोडले, त्यातला एक राहिला.

राहिला होता, ताई. दोन महिने उलटले. सोनोग्राफीत मोहरीएवढं काहीतरी फडफडताना दाखवलं, आवाज ऐकवला, विपुलनं मोबाइलमधे भरून आणला तो आवाज. तिसऱ्यात सुटला. कोणाची चूक नाही म्हणाले, मुळात धरलेलंच कच्चं असेल तर शरीर सोडून देतं म्हणाले, बहुतेक वेळा असंच असतं म्हणाले. अश्विनी आठ दिवस भिंतीकडे तोंड करून निजली. विपुल म्हणाला, अजून आहेत आपले, घाई नको, तुझी तब्येत भरू दे, मग बघू. आणि पावसाळा झाला की जाऊ, दिवाळी झाली की जाऊ, असं करता करता —

झालं. असं ते.

— बाकीचे? बाकीचे काय — संपले. केव्हाच संपले. तिनंच सांगितलं होतं बंद करा म्हणून. ते टाकून दिले असतील त्यांनी. चहा ठेवू का अजून? तुम्ही बिस्कीट घेतलंच नाही.

नाही.

थांबा, नको, मी उठत नाही. तुम्ही सायलीबद्दल सांगत होता ना, तुमच्या नातीबद्दल. परवा मयूर तिला घेऊन आले होते, बागेत भेटले तिघं, मीही होते बाकावर. पोर आईवेगळी, पण कशी धीट. अश्विनीकडे पाठ करून बसली आणि म्हणाली, माझी वेणी सुटली. अश्विनीनं घातली. इतकी सावकाश घातली, ताई. एकेक बट हातात घेऊन. आणि मी तिथं बसून काय विचार करत होते? मला आनंद व्हायला हवा होता ना? — नाही संपले ते. मी तुमच्याशी खोटं बोलले. दोन अजून आहेत इंदूरला. ठेवलेले आहेत.

बसा. बसा ना. आता उठू नका, अर्धं ऐकून गेलात तर तुम्ही भलतंच काहीतरी समजाल. तिला ठाऊक नाही. अश्विनीला ठाऊक नाही, म्हणून तिनं मयूरपासून लपवलं असं मनातही आणू नका. तिला वाटतं संपले. मीच तिला तसं सांगितलं.

कसं सांगू आता. विपुल गेल्यावर चौथ्या का पाचव्या महिन्यात, गच्चीवर मी पापड वाळत घालत होते, ती आली आणि माझ्याजवळ बसली. पापड उलटे करायला लागली. आणि तिकडंच बघत म्हणाली, आई, आपले दोन आहेत तिकडं. मी घेऊ का? एवढंच. घेऊ का. जशी दुकानातून साडी घेऊ का विचारते सून, तशी विचारली तिनं मला परवानगी. माझ्या पोराचं मूल. त्याच्या मागं राहिलेलं. आणि मी काय बोलावं? मी म्हटलं, नवरा जाऊन चार महिने झाले आणि तुझं पोट दिसायला लागलं तर लोक काय म्हणतील. कोणाकोणाला इंदूर समजावत बसशील? सरुबाईला? तिच्या सासूला? दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला ह्यांनी सांगायचं का, की हा विपुलचाच आहे, गोठवून ठेवला होता? तिनं पापड सगळे उलटे केले, खाली गेली. मला वाटलं पुन्हा विचारेल. माणूस दुसऱ्यांदा विचारतं ना? मी तर दुसऱ्यांदा विचारायची वाटच बघत होते, खरं सांगते, दुसऱ्यांदा विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. पण तिनं नाही विचारलं. ज्या पोरीनं माझ्या पोराचं उणं स्वतःच्या अंगावर घेतलं, त्या पोरीला मी लोक काय म्हणतील ते सांगितलं.

मग विपुलचा फोन वाजला. त्याचा मोबाइल मी बंद केला नाही, माझ्या कपाटात असतो, रोज चार्जिंगला लावते. का म्हणजे — त्यात तो फडफडीचा आवाज आहे ना. वर्षाचं भाडं भरायचं म्हणून अस्पतालातून फोन होता. मी अश्विनीला बोलावलं. ती दारातच उभी राहिली, आत नाही आली. म्हणाली, आई, आता कशाला ठेवायचे. सांगा त्यांना, बंद करा म्हणावं. मला नाही जमणार बोलायला, तुम्हीच सांगा. आणि तिकडची बाई फोनवर म्हणत होती, बहूजी को खुद आना पड़ेगा, उनकी साइन के बिना कुछ नहीं होगा. तिला बोलावून सांगायला काय होतं मला? अगं, तुला जावं लागेल, सही लागेल, चल, मी येते सोबत. एवढं बोलायचं होतं. मी फोन ठेवला आणि म्हटलं, सांगितलं गं. झालं. ती म्हणाली, बरं. आणि बाथरूममधे गेली, नळ सोडला, नळ किती वेळ चालू होता. मी बाहेर उभी. दार वाजवलं असतं तरी झालं असतं. म्हटलं असतं, आहेत गं, टाकले नाहीत. पण मग तिनं जाऊन सही केली असती तर? म्हणून नाही वाजवलं. ती आत त्यांच्यासाठी रडत होती, आणि ते होते. तेव्हापासून भाडं मी भरते. कसं भरते ते सोडा, भरते.

तुम्ही म्हणाल, मग आता लग्न का जमवताय. मलाही तेच कळत नाही. ह्यांना हो म्हटलं, तुमच्याकडचा निरोप आला, मयूर चांगला माणूस, बोलणं मऊ, घर जवळ, सगळं पसंत. आणि मागच्या महिन्यात मी घरी सांगितलं की सरुबाईबरोबर ओंकारेश्वरला जाऊन येते, आणि एकटी इंदूरच्या बसमधे बसले. ह्या वयात. आयुष्यात एकटी कधी खंडव्याच्या पुढं गेले नव्हते. तिथं काउंटरवरची पोरगी मला म्हणाली, दादी, किसके साथ आई हो? दादी म्हणाली. सगळ्याच म्हाताऱ्यांना म्हणत असेल. मी म्हटलं, मला बघायचे आहेत. आत नाही सोडत म्हणाली. मग हात जोडले तेव्हा काचेतून दाखवलं — दुधाचे कॅन असतात ना, तसे कॅन, रांगेनं. एकाचं झाकण उघडलं कोणीतरी तर थंड वाफ निघाली. मी विचारलं, ह्यातले आमचे कुठले? ती म्हणाली, इथून कसं कळणार. मी सगळ्याच कॅनांकडे बघून घेतलं.

डॉक्टरीणबाई चांगल्या. वेळ दिला. मी विचारलं, बहू नसेल तर दुसरं कोणी घेऊ शकतं का पोटात? त्यांना वाटलं मी भाड्याच्या बाईचं विचारते. मी म्हटलं, नाही, मी. माझ्या पोटात ठेवता येईल का. हसू नका ताई — नाही, तुम्ही हसत नाही, मला दिसतंय. त्याही हसल्या नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला त्यांनी. म्हणाल्या, माताजी, ये आपके बेटे के हैं, पर अब बहू के हैं, आपके नहीं हैं. मग म्हणाल्या, बहू को मालूम है ना कि अभी रखे हैं? मी म्हटलं, हो, मालूम है. तिथंही खोटं. येताना बस मोरटक्क्याला थांबली, ओंकारेश्वरचा फाटा तिथंच, तिथं उतरून नारळ आणि साखरफुटाणे घेतले, ओंकारेश्वराचा प्रसाद म्हणून. घरी येऊन हिच्या हातावर ठेवला. हिनं डोक्यावरून पदर घेतला, डोळ्यांना लावला आणि खाल्ला. म्हणाली, आई, माझ्यासाठी काय मागितलंत?

बागेतल्या बाकावर मला तेच आठवत होतं. ती सायलीची वेणी घालत होती आणि माझ्या मनात येत होतं, ही आता आई होणार, आणि माझ्या पोराच्या लेकराची नाही होणार. ते तिकडं थंडीत, ना मोठे होत ना मरत, जिथं थांबवले तिथंच, आणि ही इकडं वेणीला रबर लावते आहे. चीड आली मला. तुमच्या नातीची, ताई. सहा वर्षांच्या पोरीची चीड आली. घरी येऊन देवापुढं उभीसुद्धा राहू शकले नाही.

आणि आता तुमचं तोंड बघून मला वाटतंय — मी हे तुम्हाला मुद्दाम तर नाही सांगितलं? तुम्ही नुसतं मूलबाळ का नाही एवढंच विचारलं होतं. मी तिथंच थांबू शकले असते. दोष तिचा नाही, एवढ्यावर तुमचं समाधान झालं होतं, मला दिसलं होतं. मग पुढं का बोलत गेले? मोडावं म्हणून? तुम्ही उठून जावं, आणि ती इथंच राहावी, आणि मग कधीतरी तिनं मला पुन्हा विचारावं, घेऊ का? असेल. नाही म्हणत नाही मी. तसंच असेल. पोरगी माझ्या घरातून चांगल्या ठिकाणी जाते आहे आणि मी तिच्या पायात — बघा, किती वाईट बाई आहे मी. तुम्ही माझ्यावर रागवा. तिच्यावर नका.

— काय म्हणालात?

अच्छा.

नाही, समजलं मला. तुम्ही चांगल्या मनानं सांगताय. तुम्ही उठून गेला नाहीत हेच खूप झालं, मला वाटलं होतं जाल. मयूरला नाही सांगणार म्हणता. आणि मी भाडं भरायचं थांबवायचं, फोन आला तर उचलायचा नाही, त्यांचं ते बघून घेतील, आणि हिला काही कळायचं कारणच नाही. झालं गेलं, तिनं एकदा मनानं सोडलेलंच आहे, आता पुन्हा कशाला घाव उघडायचा. लग्न सुखानं होईल. हां. बरोबर आहे. मी पण असंच म्हटलं असतं, तुमच्या जागी असते तर. किती सोपं आहे. मला इतके दिवस सुचलं नाही असं नाही.

पण ताई, ऐका. गच्चीवर तिनं विचारलं, तेव्हा मी तिच्या जागी ठरवलं — नको म्हणून. मग तिनं सोडून दिले, तेव्हाही मीच ठरवलं — हवे म्हणून. दोन्ही वेळा तिला न विचारता. आता तिसऱ्यांदा तुम्ही आणि मी मिळून ठरवायचं? ह्या खोलीत, बिस्किटाची बशी मधे ठेवून? ती तिकडं दिवसभर दिव्यासमोर बसून बाटल्यांतून जीव लावत असते, तिला ठाऊक असतं कुठला धरला, कुठला कुजला, आणि तिचे स्वतःचे दोन धरलेले आहेत हे तिला सोडून आपल्या दोघींना ठाऊक. नाही. नाही करायचं असं.

तिनं मयूरला हो म्हणावं. म्हणेलही. आणि इंदूरला जाऊन सही करून येईल, आणि त्या दिवशी मी तिच्यासोबत जाईन, पायऱ्यांपर्यंत तरी. किंवा दुसरं काही ठरवेल. तुमच्या घरी येऊन ठरवेल, नाहीतर येणारच नाही. मला शिव्या देईल. हे घर आज रात्रीच सोडून जाईल, सुरतेला जाईल, तेही होईल. ह्यांना कळेल ओंकारेश्वराचं. काय व्हायचं ते होऊ दे. तुम्ही मयूरला काय सांगायचं ते उद्या सांगा, आजच्या दिवस थांबा, एवढं माझं ऐका. पहिल्यांदा तिला कळू दे. निदान ह्या वेळी तरी पहिल्यांदा तिला.

ऐकलंत? खालची कडी. आलीच ती. जिन्यात तिचं असंच असतं, चौथ्या-पाचव्या पायरीवर थांबते, पिशवी ह्या हातातून त्या हातात घेते. नाही, डोळे पुसायचे नाहीत मला, दिसू दे तिला.

ये, अश्विनी. ह्या रजनीताई, मयूरच्या आई. रावेरहून आल्या आहेत, तुला बघायला. हो, तशाच आल्या. राहू दे गं, ओढणी नीट आहे, सगळं नीट आहे. ताई, बघितलीत ना? झालं तर मग. तुम्ही आता निघा. रागानं नाही म्हणत, खरंच निघा, सहाची बस मिळेल तुम्हाला. हे खाली आहेत, ते ऑटोत बसवून देतील.

नको, पाणी मी आणते तुझ्यासाठी, तू बस. तिथं नाही, इथं माझ्याजवळ. चेहरा असा का माझा, ते सांगते. मला तुला काहीतरी सांगायचं आहे आणि मग तू म्हणशील तसं. मधे मी बोलणार नाही. — ताई, जाताना दार तेवढं ओढून घ्या.